अख्खी मिरची

रविवार रात्र, मॉरिसव्हिल

जीभ अजून जळतेय.

मार्शाने, आमच्या जमैकन सूनबाईंनी, आज माहेरचा भात केला. राजमा, नारळाचं दूध आणि वर एक अख्खी पिवळी मिरची. वास चांगला होता, तेच खुपलं. माझा निखिल सारखा पातेल्याभोवती! माझ्या खिचडीसाठी कधी घुटमळला होता?

"आई, ढवळू नका हं. मिरची फुटली तर सगळं स्पॉइल होतं," असं सांगून ती फोन घ्यायला बाहेर गेली. मी डावाने मिरची पातेल्याच्या कडेला दाबली, पार फुटेपर्यंत. वाईट वाटलं का? छे.

पहिल्याच घासाला निखिलच्या डोळ्यांत पाणी. "मार्शा, काय केलंस हे, यार?" मी कालवून ठेवलेला दहीभात पुढे सरकवला. "होतं असं. सवय नसते एकेकीला."

 मार्शाने पातेल्यातून ती चेचलेली मिरची शोधून काढली आणि माझ्या ताटात डावीकडे वाढली, चटणीच्या जागी. मीच शिकवलेली जागा.

"आई, ही तुमची."

निखिल बघत होता. खाल्ली. पानात काही टाकायचं नाही, हेही तिला मीच शिकवलंय.