कॅमेरा तीनची एकोणीस मिनिटं

मी, देवीदास नत्थुजी यावले, वय ६४ वर्षे, धंदा संगणक दुरुस्ती व कॅमेरे बसवणे, कायम राहणार वरूड, जिल्हा अमरावती, सध्या मुक्काम मुलगी वर्षाली हिच्या घरी, अकोला, आज सोमवार दिनांक ८ डिसेंबर २०२५ रोजी माझ्या मालमत्तेची आणि माझ्या ताब्यातल्या एका वस्तूची व्यवस्था या कागदाने लावून ठेवत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. हृदय कमजोर आहे, पण लिहायला ते लागत नाही. डॉ. कुंदन बेलसरे यांनी आज सकाळी तपासून दाखला दिला, तो सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही, असे या जागी लिहिण्याची रीत आहे. माझ्यावर दबाव आहे. तो हे न लिहिण्यासाठी आहे.

सन २०१८ मध्ये वरूडला केलेले माझे मृत्युपत्र मी रद्द करतो. त्यात सगळे मुलाच्या नावे होते.

कलम १. माझी पत्नी रुख्मिणी २०१९ साली वारली. मला मुलगा मनोज व मुलगी वर्षाली अशी दोन अपत्ये आहेत. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वर्षालीने करावी. मनोजला का नेमले नाही, ते पुढे येईल.

कलम २. वरूड येथील राहत्या घराचा तळमजला, त्याखालची जागा व पुढचे दुकान वर्षालीला द्यावे. ही जागा मी चांदूर रेल्वेच्या कापसाच्या जिनिंगमधल्या नोकरीच्या पैशांतून घेतली. १९९१ साली तिथे पहिला संगणक आला आणि मी त्याच्यासमोर बसलो. त्यात चाळीस एमबीची हार्ड डिस्क होती. आजच्या मोबाईलमधले दहा फोटो तिच्यात मावणार नाहीत, आणि तिची किंमत माझ्या वर्षभराच्या पगाराएवढी होती. मालक सांगायचे, "देवीदास, नवीन डिस्क मागू नोको. मागच्या हंगामाचं पुसून टाक." मी पुसायचो. सात वर्षे दर दिवाळीनंतर मी मागचे साल पुसले. हाताला त्याची सवय लागली.

वर्षाली, तू मला आईच्या आवाजाबद्दल विचारतेस. २००० साली मी दुकानातल्या संगणकावर तिची भुलाबाईची गाणी भरली होती, दोन तास. त्या वेळी माझी डिस्क चार जीबीची होती. एका शाळेचे निकाल ठेवायला जागा हवी होती, म्हणून मी ती गाणी काढून टाकली. तिला सांगितले, पुन्हा भरू. पुन्हा भरली नाहीत. मी तुला खोटे सांगत आलो की कॅसेट हरवली. कॅसेट कधी नव्हतीच.

कलम ३. बँकेतली मुदत ठेव व चालू खात्यातली शिल्लक यांतून आधी माझे अंत्यविधी व कोर्टाचा खर्च भागवावा. उरेल ते वर्षालीचे.

कलम ४. घराचा वरचा मजला मी २०१५ व २०१६ मध्ये बांधला. तो कोणत्या पैशातून बांधला, हे वाचल्याशिवाय तो कोणाला का जातो हे कळणार नाही.

शेंदूरजनाघाट रस्त्यावर गोवर्धन माणिकराव फरकाडे यांचे संत्रा पॅकिंग केंद्र आहे. २०१४ च्या ऑगस्टमध्ये मी तिथे आठ कॅमेरे बसवले. चित्रण साठवायला एक टीबीची डिस्क घातली. तिच्यात पंधरा दिवसांचे चित्रण राहत असे, मग सर्वात जुन्या दिवसावर नवा दिवस चढे. डिस्क चार हजार दोनशे रुपयांची होती. कॅमेरा क्रमांक तीन ग्रेडिंग मशीनवर होता. संत्री धुऊन, मेण लावून, लहानमोठी वेगळी करणारे ते मशीन.

मशीनवर जमुना नावाची चोवीस वर्षांची बाई कामाला होती. नवरा सोडून गेलेला, पदरात दोन वर्षांची मुलगी, आणि घरी आई पार्बताबाई. १९ नोव्हेंबर २०१४ ला सकाळी जमुनाचे प्रेत वरूड रस्त्याच्या कडेला सापडले. अज्ञात वाहनाने उडवले, असे लिहिले गेले.

त्याच दिवशी दुपारी गोवर्धनजींचा फोन आला. मी गेलो. ऑफिसात ते एकटे होते. म्हणाले, "देवीदासभाऊ, ते डिस्क बदलून द्या. जुनी डिस्क बाहीरच्या भट्टीत टाका, माह्यासमोर नोको."

मी विचारले, "काहून? खराब झाली काय?"

"खराबच समजा."

मी डिस्क काढली. दुकानातून आणलेली पाचशे जीबीची जुनी डिस्क तिच्या जागी लावली. काढलेली डिस्क हातात घेऊन भट्टीजवळ गेलो. चार हजार दोनशेची वस्तू, तीन महिन्यांची, अजून गरम. ती पुसून दुसऱ्या गिऱ्हाईकाला लावता येईल, असा विचार मी केला. एवढाच विचार केला. मी भट्टीत एक जळकी पॉवर सप्लाय टाकली आणि डिस्क पिशवीत घातली. डिस्क तेव्हा आजच्यासारखी स्वस्त असती, तर मी ती जाळली असती, आणि हा कागद लिहिण्याची वेळ आली नसती.

दुसऱ्या दिवशी पुसण्याआधी मी ती दुकानात लावून पाहिली. १८ नोव्हेंबर, कॅमेरा तीन, संध्याकाळी सहा वाजून बेचाळीस मिनिटे. मशीन बंद आहे. जमुना वाकून रोलरमध्ये अडकलेली फळे काढते आहे. गोवर्धनजी फोनवर बोलत येतात आणि तिच्याकडे न पाहता बटण दाबतात. त्यापुढचे मी येथे लिहीत नाही. मशीन थांबवायला सव्वा मिनिट लागले. तिला फरशीवर निजवले. दोन माणसे आली. कोणी गाडी बोलावली नाही, कोणी पाणी दिले नाही. गोवर्धनजी फोन करत फिरत राहिले. एकोणीस मिनिटांनी पिकअप आत आली, क्रेट बाजूला सारले आणि तिला मागे ठेवले. ठेवताना तिने हात उचलला. पिकअपचा मागचा फाळका धरायला जावा तसा. मग गाडी चित्रातून बाहेर गेली.

ती जिवंत होती. हे मला २० नोव्हेंबर २०१४ पासून माहीत आहे.

पार्बताबाई रोज ठाण्यात जात होत्या. नवव्या दिवशी पोलीस केंद्रावर आले आणि कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणारी पेटी उघडायला मला बोलावले. पेटीत २० तारखेपासूनचे चित्रण होते. मी सांगितले, "पाचशे जीबीची डिस्क आहे साहेब. सात दिवसांच्या वर राहत नाही. जुनं आपोआप पुसलं जाते." हिशोब अगदी बरोबर बसला. माझ्या बिलावर एक टीबी लिहिलेली होती. बिल कोणी मागितले नाही. त्याची माझ्याकडची प्रत परिशिष्टात आहे.

पार्बताबाई दाराशी उभ्या होत्या. मला म्हणाल्या, "भाऊ, त्या डब्ब्यात माही पोरगी दिसन काय? फक्त संध्याकाळची. घरी याले निघाली का नाही, तेवढं पाह्यतो."

मी म्हणालो, "मावशी, पुसल्या गेलं."

"मंग ते परत नाही येत काय?"

"नाही येत."

पुढच्या महिन्यापासून मला कामे मिळू लागली. आधी फरकाड्यांची दुसरी दोन केंद्रे, मग त्यांच्या पाहुण्यांची, मग त्यांच्या ओळखीने मंगल कार्यालय व कॉलेज. वरचा मजला त्यातून उभा राहिला.

म्हणून वरचा मजला जमुनाची मुलगी आचल हिला द्यावा. ती आज तेरा वर्षांची आहे. सज्ञान होईपर्यंत त्याचे भाडे तिच्या शिक्षणाला जावे. मनोजने यावर हरकत घेतल्यास त्याला हे कलम मोठ्याने वाचून दाखवावे.

कलम ५. ते चित्रण. डिस्क मी पुसली नाही आणि विकलीही नाही. का ठेवली, ते मला सांगता येत नाही. दाखवायची हिंमत नव्हती आणि नष्ट करायचीही नव्हती. पण डिस्क नुसती ठेवून टिकत नाही. २०१७ मध्ये ती टकटक आवाज करू लागली. मी घाईने तेवढे चित्रण एका डीव्हीडीवर आणि नव्या डिस्कवर घेतले. दोन पावसाळ्यांत डीव्हीडीवर बुरशी चढली. मग पेनड्राइव्ह, मग दुसरी डिस्क. दर दोन-तीन वर्षांनी मी दुकान आतून लावून ते नव्या जागी उतरवत असे. बरोबर उतरले का हे तपासायला पूर्ण पाहावे लागे. असे मी ते सहा वेळा पाहिले आहे. दर वेळी जागा स्वस्त आणि लहान होत गेली. आता ते नखाएवढ्या कार्डात आहे. हे कार्ड आठशे रुपयांचे आहे, आणि त्यात अशा कित्येक संध्याकाळी मावतील.

त्याच्या तीन प्रती आहेत. एक माझ्या वकील ॲड. करिश्मा आंडे यांच्याकडे, एक बँकेच्या लॉकरमध्ये. तिसरी कुठे आहे ते वर्षालीलाही माहीत नाही. तिला माहीत नसणे बरे.

कलम ६. दुकानातली अवजारे, शिडी, सोल्डरिंगची पेटी व मीटर मनोजला द्यावे. हात त्याचा चांगला आहे. यापलीकडे त्याला काही देऊ नये. कारण असे.

या वर्षी सप्टेंबरमध्ये नागपूरच्या डॉक्टरांनी माझ्या हृदयाचे सांगितले. तेव्हा मी मनोजला बसवून सगळे सांगितले. फरकाड्यांचे काम आता तोच पाहतो. तो म्हणाला, "बाबा, मले सांगितलंच काहून तुमी हे?"

मी म्हणालो, "दुसऱ्या कोणाले सांगू?"

"आता मी त्या माणसाच्या तोंडाकडे कसा पाहू? रोज जातो मी तिथं."

पाचव्या दिवशी दुकान फुटले. गल्ल्याला हात लागला नव्हता. खोक्यातले नवे कॅमेरे तसेच होते. फक्त जुन्या हार्ड डिस्क गेल्या, एकूण एक्केचाळीस. गिऱ्हाइकांनी टाकून दिलेल्या, कोणी किलोवरही घेणार नाही अशा. पोलिसांनी विचारले, चोरीला काय गेले. मी सांगितले, भंगार.

दिवाळीनंतर आमच्या घरासमोरच्या खांबावर एक कॅमेरा लागला. त्याचे तोंड बरोबर माझ्या दाराकडे आहे. मी शिडी लावून पाहिले. तो आपले चित्रण पेटीत ठेवत नाही, इंटरनेटवरून दूर कुठेतरी पाठवतो, आणि महिन्याचे पैसे भरत राहिले तर काहीच पुसत नाही. मी कधी निघालो, काय हातात होते, कोणती बस पकडली, हे सगळे कोणाकडे तरी जमा आहे. खांबावर वायर बांधताना दोन वळसे घेऊन आत ओढलेली गाठ आहे. ती गाठ मी कोणालाच शिकवलेली नाही, मनोजला सोडून.

मनोज, मी तुला विचारले नाही आणि तूही सांगितले नाहीस. तुला दोन लेकरे आहेत. मीही लेकरांचे कारण पुढे करूनच अकरा वर्षे काढली. पण तो कॅमेरा तू लावायला नको होता.

कलम ७. वकिलांनी माझ्या वतीने केलेल्या अर्जावरून येत्या गुरुवारी, ११ डिसेंबरला, माझा जबाब न्यायालयात नोंदवला जाणार आहे. चित्रण नुसते देऊन भागत नाही. ते कुठून काढले, कोणी काढले, कसे सांभाळले, याचे प्रमाणपत्र सांभाळणाऱ्याने द्यावे लागते. तो मी एकटाच आहे. तसे सही केलेले प्रमाणपत्र वकिलांकडे दिले आहे, तरी उलटतपासणीला जिवंत माणूस लागतो.

म्हणून सूचना देतो की, गुरुवारपूर्वी माझा मृत्यू झाला, तो हृदयाने झाला असे दिसत असले तरीही, शवविच्छेदन वरूडला न करता अकोल्यात करावे, त्याचे चित्रीकरण व्हावे आणि वर्षालीने तिथे हजर राहावे. प्रेत रस्त्यावर मिळाल्यास अंगाखालची माती कोरडी की ओली, हे आधी पाहावे; प्रेत मागाहून आणून टाकले का, ते त्यावरून कळते. जमुनाच्या वेळी ते कोणी पाहिले नाही. शनिवारपासून या गल्लीच्या तोंडाशी एक पांढरी पिकअप उभी असते. तिच्यात क्रेट आहेत, पण संत्री नाहीत. नंबर या मृत्युपत्राच्या पाकिटावर लिहिला आहे.

कलम ८. गोवर्धन माणिकराव फरकाडे यांनी माझ्या अंत्ययात्रेला येऊ नये. आल्यास त्यांना खांदा देऊ देऊ नये.

कलम ९. आचल अठरा वर्षांची झाल्यावर तिने स्वतःहून मागितले, तरच तिला चित्रण दाखवावे. तिला कोणी सुचवू नये.

कलम १०. काल रविवारी वर्षालीने पार्बताबाईंना इकडे आणले. मी त्यांच्यासमोर खाली बसलो आणि सगळे सांगितले. त्यांनी चित्रण पाहायला मागितले. करिश्मा वकील नको म्हणत होत्या. पार्बताबाई म्हणाल्या, "अकरा वर्ष मी ते डोळ्यापुढं पाह्यलंच आहे, बाई. लाव." वर्षालीच्या मोबाईलवर त्यांनी पूर्ण एकोणीस मिनिटे पाहिली. मोबाईल स्वतःच्या हातात धरला, कोणाला धरू दिला नाही.

मग मला विचारले, "तुमाले झोप येत होती काय, भाऊ?"

मी म्हणालो, "येत होती, मावशी."

मी वरचा मजला त्यांच्या नावे लिहिणार होतो. वकिलांनी समजावले की ज्याला मालमत्ता मिळते, त्याने साक्षीदार म्हणून सही करू नये, नाहीतर त्या देण्यावर कोर्टात हरकत येते. पार्बताबाईंनी विचारले, "साक्ष म्हंजे काय करा लागते?"

वकील म्हणाल्या, "यांनी सही केली, ते तुम्ही डोळ्यानं पाहिलं, एवढं सांगायचं."

"मंग मले घर नोको. ते पोरीले द्या. मी साक्ष देतो. एकदा तरी मले पाह्यलं म्हणून लिहू द्या."

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला आणि साक्षीदारांना वाचून दाखवला. तो माझ्या मनाप्रमाणे आहे. त्यांच्यासमोर सही केली आणि माझ्यासमोर त्यांनी आपली साक्ष केली.

ठिकाण : अकोला
दिनांक : ८ डिसेंबर २०२५, दुपारी चार वाजून दहा मिनिटे

सही : देवीदास नत्थुजी यावले

साक्षीदार
१. डॉ. कुंदन बेलसरे, अकोला. सही.
२. पार्बताबाई पुंजाजी नेवारे, वय ६९, मु. शेंदूरजनाघाट. डाव्या हाताचा अंगठा. साक्षीदार निरक्षर असून, नावापुढे आणखी एक ओळ लिहावी असे तिने सांगितले, ती तिच्याच शब्दांत : "मी जमुनाची माय होय. मी पाह्यलं."