सावकाश म्हणायला दोन हात लागतात

प्रिय भाऊजी,

पाकीट पाहून दचकू नका, इकडे सगळं ठीक आहे. फोन करता आला असता, पण फोनवर तुम्ही समोरच्याला बोलू देत नाही, आणि मला सांगायचंय ते मध्येच तुटून चालणार नाही. जहाजांच्या यार्डात हातांनीच बोलतो म्हणून सगळे ज्याला ‘मुका’ म्हणतात तो घरी आला की भिंतींनासुद्धा तोंड उघडायची सोय उरत नाही, हे तुमच्या बायकोचं वाक्य, माझं नाही. कागद दोन्ही बाजूंनी लिहिणार आहे. शाई पलीकडे उमटली तर चालवून घ्या. कोरी बाजू टाकून देणं माझ्याच्यानं होत नाही.

आपली विकलेली क्रेन तिकडच्या यार्डात सुखरूप पोचली आणि तिचे पाय उभे राहिले, हे कळलं. ह्यांना सांगितलं तेव्हा नुसती मान हलवली, पण त्या दिवशी ताटात काही उरलं नाही. इतकी वर्षं तुम्ही खालून हात करायचे आणि हे वर केबिनमधून क्रेन हलवायचे. हे म्हणायचे, मी वर बसतो खरा, पण माझे डोळे खाली पिवळं जाकीट घालून उभे असतात. मला ते कधी पटायचं नाही. वाटायचं, देवानं चांगलं तोंड दिलंय, हे हातवारे कशाला? मग झटका आला, ह्यांचं बोलणं गेलं, डावा हात मांडीवर पडून राहिला, आणि देवानं मला पुरतं पटवून दिलं.

तुम्ही पहिल्यांदा भेटायला आलात त्याआधी घरात काय चाललं होतं ते तुम्हाला अर्धंच ठाऊक आहे. दवाखान्यातून आणल्यावर हे उजव्या हातानं डावा हात ओढून घ्यायचे आणि दोन्ही पंजे पोटासमोर घट्ट गुंतवायचे. माझे डोळेच भरून आले. जन्मात ज्यांनी देवाला हात जोडले नाहीत, मी जोडले की ‘माझ्याही वाटणीचं सांग’ म्हणत बुटाची नाडी बांधली, त्यांना अखेर देव आठवला! मी लगेच उशाशी दिवा लावला आणि मोठ्यानं प्रार्थना म्हणायला लागले. ह्यांचे हात आणखी घट्ट. मी आवाज आणखी चढवला. शेजारच्या काकूंनाही बोलावलं, म्हटलं एकीपेक्षा दोघी बऱ्या. ह्यांच्या कपाळावरची शीर उडायची, ती मला भक्तीची वाटायची. मग तुम्ही आलात, दारातच थबकलात आणि हसत हसत उंबऱ्यावरच बसलात. म्हणालात, अहो वहिनी, थांबा, प्रार्थना कसली, क्रेनवर ह्याचा अर्थ ‘सगळं आहे तिथं थांबवा’ असा होतो! काकूंनी त्या दिवसापासून आमच्या घरी यायचं जरा कमी केलंय. पण तुमच्याबरोबर हेही हसले, भाऊजी. तोंड एका बाजूला ओढलेलं, तरी हसले. त्याच संध्याकाळी तुम्ही मला सगळे इशारे शिकवलेत, वर घे, खाली सोड, थांब. मॅट्रिकला भूमिती सुटली तेव्हाही मला एवढा आनंद झाला नव्हता.

घर हसलं, पण डावा हात काही हलेना. व्यायाम करून घेणाऱ्या बाई रोज यायच्या, चेंडू पुढे करायच्या, काका, नुसता धरा म्हणायच्या. हे भिंतीकडे बघायचे. बाईंनी मला बाहेर नेऊन सांगितलं, ह्यांचं मनच नाही, असंच चाललं तर हात कायमचा गेला समजा. त्यातच क्रेन विकल्याची बातमी आली. यार्डात आता मोठी जहाजं बांधत नाहीत, तिला ठेवून करणार काय, सगळं समजत होतं. पण मला एकच धास्ती. सकाळी डोळे उघडल्यापासून हा माणूस खिडकीतून तिच्याकडे बघतो, त्यावरच जगतो; ती उतरली की हाही उतरणार. म्हणून जुन्या चादरीचा पडदा शिवून मी खिडकीला लावला. ह्यांनी तो ओढून काढला. मी पुन्हा लावला. पुढच्या खेपेला दांडीच खाली आली, तेव्हा मी हार मानली आणि खुर्ची खिडकीशी सरकवली. म्हटलं, देवा, दाखवायचं ते दाखव, फक्त मला ह्यांच्याजवळ बसू दे.

क्रेनचा लांब हात उतरवला त्या दिवशी तुम्ही यार्डात कामात होता, खिडकीच्या आत काय झालं ते तुम्हाला दिसलं नसणार. तरंगती क्रेन धक्क्याला लागली, तिनं आपल्या क्रेनचा हात वायरींनी पेलला, आणि तुम्ही स्टोअरच्या पत्र्यावर चढलात. पिवळं जाकीट, आमच्या खिडकीच्या बरोब्बर समोर. तुम्ही बोट वर करून फिरवलंत, ह्यांनी खुर्चीत बोट वर करून फिरवलं. तुम्ही तळवा आडवा हलवून थांबवलंत, ह्यांनीही थांबवलं. मला वाटलं, जुनी सवय आहे, करू देत. मग खिट्ट्या निघाल्या, तो एवढा मोठा हात सुटा झाला आणि खाली यायला लागला. तुम्ही उजव्या हाताचं बोट खाली फिरवलंत आणि डावा पंजा त्याच्यासमोर स्थिर धरलात. सावकाश. ह्यांनी बोट फिरवलं आणि अडकले. मांडीवरच्या डाव्या हाताकडे असं बघायला लागले, जसं कामावर डुलकी घेणाऱ्या माणसाकडे बघावं. एका हातानं नुसतं ‘खाली’ म्हणता येतं. सावकाश म्हणायला दोन हात लागतात. आणि समोर इतक्या वर्षांची सोबतीण हवेत लोंबत होती, तिला धाडकन आपटू द्यायचं नव्हतं. ह्यांना घाम फुटला. खांदा हलला, मग कोपर. मी मदतीला हात पुढे केला, तर अशी नजर टाकली की मी मागेच सरले. आणि तो पंजा उठला, भाऊजी. वेडावाकडा, थरथरत, बोटं अर्धी मिटलेली, पण उठला आणि बोटासमोर जाऊन उभा राहिला. पडला. तुम्ही पुन्हा सावकाश केलंत, पुन्हा उठला. क्रेनचा हात खालच्या सपाट बोटीवर टेकेपर्यंत तुम्ही तेच करत राहिलात आणि हेही. काडेपेटीतल्या काड्यासुद्धा मोजणारी मी, पण तो हात किती वेळा उठला ते मला सांगता येणार नाही. डोळ्यांपुढे पाणीच पाणी होतं.

तेव्हा मी देवाचे आभार मानले. तुमचे मानायचं सुचलं नाही, कारण मला वाटलं तुम्ही आपलं काम करत होता. क्रेन घेऊन ती सपाट बोट आणि तुम्ही निघून गेल्यावर तुमचा फोरमन ह्यांना भेटायला आला आणि चहा पिता पिता तुमचीच गाऱ्हाणी सांगत बसला. वहिनी, आता सगळं वॉकीटॉकीवर चालतं, हात कोण करतो? त्या तरंगत्या क्रेनच्या ड्रायव्हरची तर पाठ होती पत्र्याकडे! खालून आम्ही सगळे ओरडत होतो, अरे मुक्या, कुणाला हात करतोस, कावळ्यांना? हा पठ्ठ्या गळ्यातल्या वॉकीटॉकीत बोलायचा आणि हातांचं आपलं चालूच. वर म्हणतो, अजून एकदा सावकाश घ्या, अजून एकदा. अख्खी दुपार खाल्ली त्यानं! मी किटली हातात धरून तशीच उभी राहिले. मग त्या फोरमनला न विचारता दुसरा कप भरून दिला. माझ्या घरात हे कधी होत नाही, त्याला बिचाऱ्याला कारण कळलं नाही.

आता खिडकीत नुसतं आभाळ आहे. सुरुवातीला दात पडल्यासारखं वाटलं, जीभ जशी तिथंच जाते तसे डोळे तिथंच जायचे. पण क्रेनची सावली गेली तशी दुपारी खोलीत ऊन येतं, कपडे लवकर वाळतात. आपल्याही वाट्याला ऊन होतं हे मला इतकी वर्षं ठाऊकच नव्हतं. व्यायामाच्या बाईंनी चेंडू पिशवीत टाकला आणि त्या ह्यांच्याकडून इशारेच करून घेतात. गॅसची टाकी आणणाऱ्याला हे खुर्चीतून आत घेतात, जरा डावीकडे, सावकाश, टेकव. तो टाकी ठेवून सलाम करून जातो. डावा हात कप धरतो. सांडतो, पण धरतो. बोलणं तेवढं यायचं राहिलं होतं.

आता पत्र कशासाठी ते लिहिते. परवा तुमची बायको आली होती. बोलता बोलता डोळे पुसायला लागली. खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, तिकडच्या यार्डानं तुम्हाला कायमची नोकरी आणि दोन खोल्यांचं घर देऊ केलंय, मुलींची शाळा चालत जाण्यासारखी आहे, आणि तुम्ही महिनाअखेरीला ‘नाही’ कळवणार आहात. कारण काय, तर ‘क्रेन उभी करून परत येतो आणि रोज संध्याकाळी तुझ्याजवळ बसतो’ असा शब्द जाताना ह्यांना दिलात. कुणाला सांगू नका अशी तिनं मला शपथ घातली होती. ती मी मोडते आहे, देव समजून घेईल. रोज संध्याकाळी तुम्ही आलात तर मला हवंच आहे, खोटं कशाला लिहू? पण तुम्ही देऊन गेलात ते आम्हाला पुरून उरलंय. त्यावर तुमच्या मुलींचं घर घेतलं तर मला अन्न गोड लागणार नाही. मी ह्यांच्याजवळ बसून सगळं सांगितलं, काही लपवलं नाही.  तेव्हा झटका आल्यापासून पहिल्यांदा ह्यांच्या तोंडातून अख्खा, स्वच्छ शब्द निघाला. तो तुम्हालाच होता. यार्डातली शिवी होती, इतकी घाण की माझा हात ती लिहायला धजत नाही, पण सगळी अक्षरं जागच्या जागी होती. खात्री करून घ्यायला मी ती पुन्हा एकदा म्हणायला लावली. मग देवापुढे जाऊन उभी राहिले आणि उभ्या जन्मात पहिल्यांदा शिवीबद्दल आभार मानले. कुठली ते तुम्ही ओळखालच. आता निमूटपणे नोकरीला हो म्हणा.

तुमचीच,
वहिनी