तुझ्या फोटोखालची हसरी माणसं

प्रिय माय,

आज सकाळी तापीकाठच्या प्रकाशा तीर्थाला गेलो. तुझं वर्षश्राद्ध. तापीत उभा राहून तुझ्या नावाने पाणी सोडलं, महादेवाला बेल वाहिला. ब्राह्मणपुरीला घरी परतलो, तर भिंतीवर तीच चौकट. तुझ्या दशक्रियेच्या दिवशी पेपरात आलेली पानभर श्रद्धांजली. ती बघितली आणि मग जे केलं, ते आता तुला लिहितोय.

मध्ये तू, डोक्यावर पदर. खाली पेपरचे मालक, त्यांचे चिरंजीव, चार पुढारी. सगळे हसताहेत! माय, तुझ्या जाण्यावर कोण हसेल गं?

तू शेजारणींना सांगायचीस, "मन्हा पोऱ्या पेपरवर मास्तर शे." पेपर, चॅनल, केबल कोणाच्या मालकीचं, खर्च कोण भागवतं, नियम कोणासाठी वाकतात, हेच मी विद्यापीठात शिकवतो, शोधतो. तेव्हा जिल्ह्यातल्या पेपरांच्या जाहिरातींवर काम चालू होतं. हा पेपरही त्यात होता. आणि त्यातच तू दिसावीस?

जाहिरातीचे पैसे कोणी दिले? आपण तर दिले नव्हते. फोटो मी फक्त घरच्या ग्रुपवर टाकला होता.

धाकट्या रमेशला विचारलं. गावातली केबल तोच चालवतो, आणि ती येते याच मालकांकडून.

"मीच दिधा फोटो. माय पेपरमा उनी, तुले चांगलं नई वाटनं?"

"फुकट कशी छापली?"

"भाऊ, तू ते देवना परसादनी बी पावती मांगशी!"

घर हसलं. मीही हसलो. पण आठवड्याने मालकांचा फोन आला. तुझ्याबद्दल दोन शब्द बोलले, मग म्हणाले, "अभ्यास कुठवर आलाय, सर? आता आपण घरचेच."

रमेशला हे आधी ठाऊक होतं का? अजून ठरत नाही. तो त्या चौकटीवरची धूळ रोज पुसतो. ते बघून माझीच मला लाज वाटते. पण त्याचा मोबाइल वाजला की माझे कान टवकारतातच. असं कसं झालं गं माझं?

ती जाहिरात मी वर्षभर अभ्यासाबाहेर ठेवली. आईचा फोटो पुरावा म्हणून लावायचा?

आज तापीत उभा असताना तूच आठवलीस. भंडाऱ्याला ज्वारी दिलीस, भोंग्यावर तुझं नाव पुकारायला लागले, तर जेवायच्या आधीच उठून निघालीस. "नाव कसाले? देव बहिरा शे का?"

दुपारी ती जाहिरात अहवालात घातली. मालकांचा फोनही लिहिला. खाली एक ओळ जोडली: 'जाहिरातीतील दिवंगत स्त्री ही संशोधकाची आई आहे.' रमेशला सगळं वाचून दाखवलं.

त्याने तुझ्या फोटोकडे बघितलं. मग म्हणाला, "मन्ही केबल तोडतीन, भाऊ."

"तोडतील."

चौकट त्यानेच खाली उतरवली. पण हे त्याला पटलं म्हणून, की माझा राग आला म्हणून? विचारलं नाही.

माय, त्याचं घर उघड्यावर पडू देणार नाही, तुझी आण. आणि तुझं नाव यापुढे नदीकाठी, मनातच घेईन.

अहवाल पाठवला आहे.

तुझा पेपरवरचा मास्तर,
सुरेश