टाकीतलं मटण

३ जानेवारी
आजपासून जग बदलणार. सुरुवात आमच्या गाळ्यातून. बकरा न कापता मटण! बकऱ्याच्या चिमूटभर पेशी घ्यायच्या, पोषणद्रवात सोडायच्या, त्या आपोआप वाढतात. सासऱ्यांनी आपलं मटणाचं दुकान विकून सगळा पैसा माझ्या कंपनीत घातला. म्हणाले, सुरी चालवून मनगट गेलं, आता जावयाच्या भरवशावर बसून खातो. दूरदृष्टीचा माणूस. माझ्या संगतीने झाला.

९ जानेवारी
आमच्या शास्त्रज्ञ बाईंनी (मी मनातल्या मनात 'पेशीबाई' म्हणतो) काचेच्या भांड्यात मटण वाढवून दाखवलं. नखाएवढं. बायको हिशेब बघते. तिने किलोचा भाव काढला. तेवढ्यात बरी मोटारगाडी येते. तिला समजावलं की हा लहान भांड्याचा भाव. टाकी मोठी केली की भाव धाडकन खाली. याला स्केल म्हणतात. ती म्हणाली, पोषणद्रवच सोन्याच्या भावाचा, तो किलोमागे तेवढाच लागणार ना?
मुद्दा बारीक आहे. नंतर बघू.

२ फेब्रुवारी
दोन हजार लिटरची टाकी आली. दारातून जाईना. भिंत फोडली. पेशीबाईंचं म्हणणं होतं, आधी पन्नास लिटरची घेऊ. लहान विचार! उद्यापासून पहाटे उठून टाकीजवळ हजर राहणार.

३ फेब्रुवारी, सकाळी ११
उठलो. मालकाने फार लवकर गेलं की कामगारांवर दडपण येतं.

२० फेब्रुवारी
पेशी मेल्या. जोरात ढवळलं की फुटतात, हळू ढवळलं की तळाशी गुदमरतात. लाडावलेली जात. पेशीबाई म्हणाल्या, मी सांगितलं होतं. सांगितलं असेल, पण ठासून नाही.

११ मार्च
टाकीत जंतू शिरले. आमच्या पेशी दिवसभरात जेमतेम दुप्पट होतात, यांचं खानदान चहा होईपर्यंत. सगळा द्रव फस्त. सासरे नाकाला रुमाल लावून म्हणाले, आयुष्यभर दुकान चालवलं, पण असा वास कधी आला नाही. जुन्या वळणाचा माणूस. टाकीचं झाकण कोणी उघडलं, अशी चौकशी निघाली. मी उघडलं होतं. सहज. पेशींना माझी सवय व्हावी म्हणून. चौकशीत बोललो नाही.

५ एप्रिल
मोठा दिवस! एक हॉटेलवाला चव बघायला आला. आजवरचं एकूण उत्पादन बशीत ठेवलं. त्याने एका घासात संपवलं आणि अजून मागितलं. मग म्हणाला, फर्स्ट क्लास, आठवड्याला शंभर किलो द्या, बाजारभावाने. मी तिथेच हात मिळवला.
बायकोने कपाळाला हात लावला. म्हणे, एका किलोत एवढा तोटा, तर शंभरात शंभरपट. मी म्हटलं, अगं, पण उलाढाल बघ! ती उठून गेली. आनंद तिला झेपत नाही.

२८ एप्रिल
ऑर्डर रद्द. तीन आठवडे वाट बघून कंटाळला म्हणे. धीर नसलेल्या माणसाने हॉटेल काढू नये.

६ मे
पेशीबाईंनी महागडा घटक वगळून पोषणद्रव इथेच बनवला. फारच स्वस्त पडतो. आमच्यासारखीच मटण वाढवणारी दुसरी एक कंपनी आहे, तिने बाटल्या मागवल्या. बायकोने रोख घेऊन दिल्या. किरकोळ धंदा. मी लक्ष घातलं नाही.

१ जून
सासऱ्यांनी मीटिंग बोलावली. आता पाच कंपन्या द्रव मागताहेत. बायको म्हणाली, मटणवाले बुडतील तेव्हा बुडोत, तोवर प्रत्येकाला द्रव लागणारच. प्रस्ताव: मटण बंद, टाकी भंगारात, फक्त द्रव विकायचा. बाबांचं म्हातारपण त्यातूनच निघेल. मतदान झालं. तीन विरुद्ध मी. मी भूतदया, मानवजात, भविष्य यांवर बरंच बोललो. सासऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, जावईबापू, तुम्ही बोलता फार छान. विक्रीला जा.

१५ जून
विक्रीप्रमुख झालो! खात्यात सध्या मी एकटाच. तूर्त बाटल्यांना लेबलं चिकटवायची. त्यात स्केल आहे. बरीच लेबलं तिरपी गेली. पेशीबाईंनी काढून पुन्हा लावायला लावली. बोटं दुखली. दोन दिवस रजा हवी होती. जेवताना बायकोला सहज विचारलं.
म्हणाली, ऑफिसचं ऑफिसात. उद्या अर्ज द्या, मॅनेजर बघतील.
मॅनेजर तीच आहे.