डोणी घासू नये

मी, चंद्रिका माधवराव केळशीकर, वय सहासष्ट, निवृत्त शास्त्र-शिक्षिका, राहणार वळवण, लोणावळा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. नणंदेचे मत वेगळे असले तरी ती खाली सही करणार आहे.

१. राहते घर, पोस्टातली शिल्लक व दागिने माझी एकुलती एक मुलगी नीरजा हिला मिळावेत. घर विकावेसे वाटले तर तिने खुशाल विकावे. परसातल्या जांभळाखालची दगडी डोणी मात्र त्यात धरू नये. त्या डोणीसाठीच हा सगळा खटाटोप आहे.

२. डोणीची हकीकत अशी. माझे यजमान कोकणातले. रेल्वेच्या नोकरीने इथे आले आणि तिसऱ्यांवाचून, खाडीतल्या त्या खायच्या शिंपल्यांवाचून, झुरले. शेवटी आंदर मावळातली गंगी डोहातले शिंपले आणून देऊ लागली आणि ह्यांनी ते परसात वाढवायला घेतले. सिमेंटच्या दोन टाक्या बांधल्या. गाईला पाणी पाजायची जुनी डोणीही भरली, नदीचा गाळ स्वतः घमेल्याने वाहून आणून.

१९५८ साली हे गेले. सुतक फिटल्यावर साठवणीचे पाणी ओतून भांडी घासतात, त्या रीतीने माझी नणंद कस्तुराबाई हिने टाक्याही राखेने लख्ख घासल्या आणि शिंपले पुन्हा ताज्या पाण्यात सोडले. थोड्याच दिवसांत सगळे तोंड उघडून मेले. पालापाचोळ्याखालची डोणी तेवढी तिच्या नजरेतून सुटली होती, आणि तिथले शिंपले ठणठणीत. वर्षभर मी कस्तुराबाईशी बोलले नाही. गंगी मात्र टाकीच्या काठावर बसून म्हणाली, "मावशी, पानी येकच, शिंपलं येकाच डव्हातलं. मंग हितलं मेलं आन् तितलं कसं जगलं?" रडणे बाजूला ठेवून मी त्या प्रश्नाच्या मागे लागले, ती अजून लागलेलीच आहे.

३. डोणीतला मूठभर गाळ टाकीत घातला की नवे शिंपले जगत. न घातलेल्या टाकीत रोग येई. तोच गाळ उकळून घातला, तर पुन्हा मरत. म्हणजे गुण मातीचा नव्हे, तिच्यातल्या जिवंत जंतूंचा. चांगले जंतू आधी जागा धरून बसतात, म्हणून रोगाच्या जंतूंना थारा मिळत नाही, असा माझा तर्क आहे. सिद्ध झालेला नाही. मत्स्यखात्यातल्या एका साहेबांना सांगितले, तर म्हणाले, "बाई, जंतू मारायचे असतात, पाळायचे नसतात." त्यांच्या घरी दही कसे लावतात, हे विचारायचे राहून गेले.

४. मायक्रोस्कोप नीरजाला. डोणीच्या थेंबात नाना तऱ्हेचे जीव दिसतात. त्यांतला राखणदार कोण, हे मला अजून कळलेले नाही. तिने शोधावे. तिला सापडला तरी मला कळणार नाही, याची चुटपुट मरणापेक्षा जास्त आहे.

५. माझ्यामागे घर धुवावे, भांडी घासावीत, अंथरुणे टाकून द्यावीत. डोणीला हात लावू नये. घर विकले गेल्यास डोणी गाळपाण्यासकट गंगीच्या दारी पोचवावी. ह्यांच्या हातचे या घरात आता तेवढेच जिवंत उरले आहे.

६. कस्तुराबाईला काही ठेवलेले नाही. साक्षीदाराला वाटा नसलेला बरा, असे वकील म्हणाले, आणि मला साक्षीदार तीच हवी आहे.

लोणावळा, दि. १८ नोव्हेंबर १९७१
(सही) चंद्रिका माधवराव केळशीकर

आम्हां दोघांदेखत सही केली:
हनुमंत भिकाजी शेडगे, शेजारी
कस्तुराबाई रेगे, नणंद

(कस्तुराबाईच्या हातचे)
वहिनी, तुमचे सुतक फिटेल त्या दिवशी मी डोणीपाशी पाट मांडून बसेन. कुणाला घासू देणार नाही. तो गाळ दादाने आणलेला होता, हे मला तेव्हा कुणी सांगितले नव्हते.