सहा पावलांवरची झोप

१२ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मी पोचलो. सामानही पोचलं. झोप मात्र मागच्या विमानाने येते आहे म्हणे, आज आठवा दिवस, अजून पत्ता नाही. पहाटे तीनला पोट जेवण मागतं आणि दुपारी बाराला, ऐन कामात, मानेवर कोणी ओलं पोतं टाकावं तसे डोळे मिटतात. पाय सुजलेत, बूट चढत नाहीत, चपला घालून कामावर जातो. परवा एका आजोबांच्या कवळीत वरच्या दाढा खाली बसवल्या. साहेबांनी विचारलं, त्यांना उलटं टांगून जेवायला घालणार आहेस का? इथले डॉक्टर म्हणतात, घड्याळ जितके तास सरकलं तितके दिवस शरीराला द्या. माझं जाताना जवळजवळ दहा तास सरकलं आणि येताना पुन्हा दहा. शरीर बिचारं कोणाचं ऐकेल?

फोन केला की मला रडू येतं आणि तू रागावतेस, म्हणून पत्र. एकच विचारायचंय. बाबांचं जास्त झालं म्हणून तू बोलावलंस, मी बुधवारी आलो, आणि शुक्रवारी संध्याकाळी सव्वापाचला ते गेले. मी आतल्या खोलीत झोपलो होतो. निघायच्या आदल्या दिवशी मोजलं. त्यांच्या खाटेपासून माझ्या उशीपर्यंत सहा पावलं आहेत. अर्धी पृथ्वी ओलांडून आलो आणि सहा पावलं राहिली. ताई, तू मला उठवलं का नाहीस?

लोभ आहेच, तो मागत नाही. उत्तर पाठव.

घुबड


२३ एप्रिल

चि. घुबडास,
अ. उ. आ.

लहानपणी मध्यरात्रीपर्यंत टक्क जागा असायचास म्हणून बाबांनी तुला हे नाव ठेवलं. दिवसाढवळ्या झोपून ते सार्थ केलंस असं लिहिणार होते, पण आवरलं.

उठवलं नाही, कारण उपयोग नव्हता. बाबा दुपारपासून शुद्धीवर नव्हते. तुला ते दिसले असते, त्यांना तू नाही. शिवाय चाळीस तास तुझ्या डोळ्याला डोळा नव्हता. गुरुवारी तू आरशातल्या स्वतःलाच जरा सरकायला सांगितलंस, तेव्हा मी हसू की घाबरू असं झालं.

आणि आपल्या घरचा कायदा तुला माहीत आहे. बाबा तीस वर्षं वर्तमानपत्राच्या छापखान्यात रात्रपाळीला. सकाळी नखांत शाई घेऊन यायचे आणि दहा ते पाच झोपायचे. झोपलेल्या माणसाला उठवायचं नाही, हे आईचं फर्मान. आई जाऊन बारा वर्षं झाली, फर्मान चालूच. खुर्च्यांच्या पायांत जुने मोजे, दाराच्या घंटीत चिंधी. आपण भांडायचोसुद्धा कुजबुजत. त्या घरात वाढलेल्या मुलीला ग्रंथालयात नोकरी लागली नसती तरच नवल.

ती चिंधी परवा मी काढली. दुपारी टपालवाला आला, घंटी खणखणली आणि माझ्या हातातली बशी गेली. केवढं ओरडतं रे आपलं घर! झोप मलाही नाही. कुठेही न जाता माझंही घड्याळ सरकलंय. पहाटे चारला, बाबांच्या औषधाच्या वेळी, उठून बसते आणि मग कोणाला उठवायचं ते आठवत नाही.

पाय गरम पाण्यात बुडवून बस. माझी माया बोलण्यात दिसत नाही, म्हणून नाही असं समजू नकोस.

ताई


५ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बाबांच्या मृत्यूच्या दाखल्यासाठी काल तिकडच्या आपल्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, तुमचे वडील शेवटपर्यंत मिश्कील. शुक्रवारी दुपारी चारला तपासायला गेलो, तर मला सांगतात, मुलगा आलाय, पण त्याची झोप अजून विमानतळावरच्या पट्ट्यावर फिरते आहे, कोणी उचललीच नाही.

मी तुला लिहिलेली थट्टा, माझ्याआधी त्यांनी केलेली. दुपारी चारला. आणि तू लिहितेस, शुद्धीवर नव्हते.

पुढे लिहवत नाही. लोभाचं नंतर पाहू.

घुबड


१७ मे

चि. घुबडास,
अ. उ. आ. घ्यावेसे वाटले तर घे.

मी खोटं लिहिलं.

डॉक्टर गेल्यावर बाबांनी विचारलं, उठला का. मी नाही म्हटलं. पंधरा मिनिटांनी पुन्हा तेच. म्हणून मी आत आले. तू उताणा पडला होतास, तोंड उघडं, पायांत मोजे तसेच, एक हात खाटेबाहेर. मी खांद्यापर्यंत हात नेला आणि तिथेच थांबवला.

दया आली म्हणून, असं लिहिणं सोपं आहे. आलीही. पण तिच्याखाली दुसरंच काही होतं. सहा वर्षं मी पहाटे चारला उठत होते. आणि तुझा रविवारचा फोन यायचा असला की बाबा सकाळपासून दाढी करून बसायचे. माझ्यासाठी त्यांनी कधी दाढी केली नाही. मी तर रोजचीच. वाटलं, ही एक दुपार माझी असू दे. क्षणभरच वाटलं, पण हात तेवढ्यानेच मागे आला. बाहेर जाऊन सांगितलं, हलवलं, पण उठत नाही.

बाबा म्हणाले, राहू दे, रात्रपाळी करून आलाय पोरगा. दार मात्र उघडं ठेव. मला वाटलं तुला पाहायचंय, पण खाटेवरून तू दिसतच नव्हतास. त्यांना ऐकायचं होतं. तू घोरत होतास, थेट त्यांच्यासारखा. आठवतं ना, त्यांचं घोरणं चालू असेतो आपण त्यांच्या खाटेखाली पत्ते खेळायचो आणि ते थांबलं की पानं हातात धरून श्वास रोखायचो? तसेच बाबा डोळे मिटून पडले होते. मध्येच तू कूस बदललीस, आवाज थांबला, आणि त्यांनी डोळे उघडले. पुन्हा सुरू झालास, तेव्हा मिटले. असं तीनदा झालं. चौथ्यांदा तू थांबलास, तेव्हा त्यांनी डोळे उघडले नाहीत. त्यावरून मला कळलं.

मग आत येऊन तुला हलवलं. एका हाकेत उठलास. ते मी विसरू शकत नाही.

राग धर. धरायलाच हवा. तो उतरल्यावर खाली लोभ सापडला तर कळव.

ताई


३० मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र चार दिवस खिशात घेऊन फिरलो. त्या चार दिवसांत केलेल्या कवळ्या ज्यांच्या तोंडात जातील ती माणसं विनाकारण चावतील, एवढा राग त्यांत गेला आहे.

शरीर आता ताळ्यावर आलं. बूट चढतात, पहाटे भूक लागत नाही, दाढा आपापल्या जागी बसतात. फक्त इथे सकाळी पावणेआठ वाजले, म्हणजे तुझ्याकडे संध्याकाळचे सव्वापाच, की मी हातातलं ठेवून थोडा वेळ नुसता बसतो. हे काही दहा दिवसांत जाणारं दिसत नाही.

बाबा दाढी करून बसायचे हे मला ठाऊक नव्हतं. फोनमध्ये दाढी कुठे ऐकू येते? वाढलेल्या दाढीचे बाबा मात्र सगळे तुझ्या वाट्याला आले. हेवा मलाही करता येतो, ताई.

खोटं बोललीस ते जाईल की नाही, माहीत नाही. आज गेलेलं नाही. दार उघडं ठेवलंस, तेही कुठे जाणार नाही.

ऑगस्टमध्ये येतो आहे. पहिले काही दिवस मी रात्रभर टक्क जागा असणार, तेव्हा या खेपेला त्याचा उपयोग करू. आतल्या खोलीत तू झोपायचं. मी बाबांच्या खाटेवर बसेन. पहाटे चार मी बघून घेईन. चिंधी फेकली नसलीस तर घंटीत पुन्हा कोंब. आणि दार लावू नकोस. तू घोरतेस, तुला आजवर सांगायला कोणी जागं नव्हतं.

लोभ तेवढा जागा असू दे. तू झोप.

घुबड