दोर कोण सैल करतं?

हॅझलहर्स्ट धक्का, स्टॅफर्डशर
११ ऑक्टोबर १९९८

चि. जिलियन हीस अ. उ. आ.

पत्र आणि मोजे दोन्ही पोचले. मोजे कीथरावांच्या मापाचे आहेत, माझ्या नाही. पण जावयाचा मोठेपणा पायात घालून हिंडतो आहे.

बोट आता घरासारखी दिसायला लागली. ओटा बसला, शेगडी बसली, पलंगाखाली कपाटं झाली. सात फूट रुंदीच्या लांबलचक डब्यात संसार मांडणाऱ्याला तुझ्या आईने वेड्यातच काढलं असतं. पण ती गेल्यावर त्या घरात नुसत्या खुर्च्या उरल्या होत्या, मला तिथे राहवेना. वायरिंग मी एकट्याने ओढलं. अडतीस वर्षं लोकांच्या घरांत हेच तर केलं! शेडमध्ये वायरची अख्खी भेंडोळी पडून होती. घराच्या भिंतींत घालतो तीच, आत एकच जाड तांब्याची तार. इतकी मजबूत वायर या कालव्यावर कुणाच्याच बोटीत नसेल.

आपला करार लक्षात आहे. नोव्हेंबर संपायच्या आत कालव्याच्या ऑफिसच्या तपासनीसाने बोट पास केली तर मी इथे राहणार, नाही तर रेडिंगला तुझ्या मागच्या खोलीत. तेव्हा मला पास होणं भाग आहे.

एक गोष्ट मात्र खटकते. या धक्क्यावर दोनच बोटी, माझी आणि एमॉस टकवेल नावाच्या म्हाताऱ्याची. त्याचा जन्म बोटीवरचा, आयुष्य कोळशाच्या बोटी हाकण्यात गेलेलं. परवा माझ्या दारात उभा राहून वायरिंगकडे टक लावून बघत होता. मग म्हणाला, हे टिकायचं नाही. का, ते मी विचारलं नाही. कोळसा वाहणाऱ्याने मला वायर शिकवायची? आणि गुरुवारी पुढच्या खोलीतले दिवे गेले. शिवाय मी संध्याकाळी बोटीचे दोर आवळून बांधतो, ते सकाळी सैल केलेले असतात, आणि छतावरच्या दवात बुटांचे ठसे. हा माणूस मला इथून हुसकायला बघतोय, दुसरं काय?

कीथरावांना विचारल्याचं सांग.

तुझा बाबा


रेडिंग
१७ ऑक्टोबर १९९८

ती. बाबांना सा. न. वि. वि.

दिवे गेल्याची बातमी तुम्ही पार शेवटी दडपून लिहिलीत, तीही दुसऱ्याच्या माथी मारून. मी काय तुम्हाला आज ओळखते? आणि जेवणाबद्दल चार पानांत एक अक्षर नाही. मागे आले होते तेव्हा तुमच्या कपाटात बीन्सचे डबे आणि एक कांदा सापडला होता. तो कांदा अजून असेल तर कृपा करून टाकून द्या.

तो म्हातारा मला बरा वाटत नाही. रात्रीबेरात्री दुसऱ्याच्या छतावर चढायचं कारणच काय? दाराला आतून कडी घालत जा. आणि त्याच्या बोटीचं नाव काय, ते कळवा. सहज विचारते.

मागच्या खोलीला आम्ही फिकट निळा रंग दिला. नुसता दिला आहे, दबाव नाही. कीथ म्हणतो, मोजे परत नकोत.

प्रकृतीला जपा आणि लोभ आहे तो वाढवा.

तुमची जिलियन


हॅझलहर्स्ट धक्का
२९ ऑक्टोबर १९९८

चि. जिलियन हीस अ. उ. आ.

त्याच्या बोटीचं नाव 'पेशन्स'. तुला ते कशाला हवं, हे काही कळलं नाही. सहज विचारणाऱ्यांतली तू नाहीस. तुझी आईही नव्हती.

आता पाण्याचा पंप बंद पडला. रोज दोन तास इंजिन चालवून बॅटऱ्या भरतो. बॅटऱ्या भरलेल्या, फ्यूज शाबूत, वायरीचं आवरण जसंच्या तसं, आणि पंप मेलेला! तपासणी चोवीस तारखेवर आली आहे. परवा मी छतावर पीठ भुरभुरून ठेवलं. सकाळी त्यात टाचेला लोखंडी नाल ठोकलेला बूट उमटला होता. असे बूट इथे एमॉसच्याच पायात असतात. त्याला तोंडावर विचारलं नाही. सावध कशाला करा? सरळ ऑफिसला तक्रार लिहिली की हा इसम माझ्या बोटीवर चढून दोर सोडतो आणि वायरिंगची नासधूस करतो. सही केली नाही. खाली 'शेजारच्या बोटीचा मालक' एवढंच लिहिलं.

आता मनात आलंच आहे तर लिहून टाकतो. मी नापास व्हावं अशी इच्छा असणारं आणखीही कुणी आहे का? करार नोव्हेंबरअखेरचा, मग खोलीला रंग ऑक्टोबरातच कसा लागला?

उत्तराची वाट पाहतो.

तुझा बाबा


रेडिंग
५ नोव्हेंबर १९९८

ती. बाबांना सा. न. वि. वि.

रंगाचं काढलंत ते मला फार लागलं. हो, तुम्ही इथे यावं असं मला वाटतं. गेल्या हिवाळ्यात तापाने तीन दिवस पडून होतात आणि कुणाला पत्ता नव्हता, म्हणून वाटतं. त्यासाठी मला तुमच्या वायरी कापायची गरज नाही.

आणि सही न करता तक्रार? तुम्ही? तुमच्या वायरीला त्याने हात लावताना कुणी पाहिलंय का? मीच तुम्हाला त्याच्याबद्दल भलतंसलतं लिहिलं, त्याची आता लाज वाटते. जन्मभर पाण्यावर काढलेल्या माणसाची धक्क्यावरची जागा गेली तर तो कुठे जाईल? आधी तुमच्या सगळ्या जोडण्या एकेक उघडून बघा, आणि मग काय ते बोला.

रागावले आहे, तरी नमस्कार.

जिलियन


हॅझलहर्स्ट धक्का
१७ नोव्हेंबर १९९८

चि. जिलियन हीस अ. उ. आ.

तुला खोटं पाडायचं म्हणून परवा सकाळी जोडण्या उघडायला बसलो. इंजिनामागच्या पहिल्याच जोडणीत वायर ओढून पाहिली तर हातात आली. आवरण धडधाकट, आतली तार स्क्रूपाशी तुटलेली. कापलेली नव्हे, तुटलेली. पुढे आणखी तीन तशाच. इंजिन चालू झालं की बोट अंगभर थरथरते, आणि एकच जाड तार रोज थरथरली की शेवटी तुटते. बोटीत बारीक तारांच्या जुडग्याची, मऊ वायर घालायची असते. अडतीस वर्षांत हे मला कळलं नाही, कारण घरांच्या भिंती हलत नाहीत. एमॉसला एका नजरेत कळलं होतं.

ती तार हातात घेऊन बसलो होतो, तर दारात एमॉस. टोपी काढून उभा, हातात दोन पाकिटं. त्याला वाचता येत नाही, जिलियन. बोटीवरच्या मुलांना शाळा कसली? पत्रं त्याची बायको वाचायची. ती गेली, तेव्हापासून तो कुणा ना कुणाला विचारतो. मला म्हणाला, तुम्ही शिकलेले, तेवढं वाचून दाखवा.

पहिलं पत्र तुझं निघालं. त्याच्या बोटीचं नाव तुला कशाला हवं होतं, ते आता कळलं. 'माझे वडील हट्टी आहेत. रोज सकाळी त्यांच्या चिमणीतून धूर येतो ना, तेवढं बघाल का? त्यांना मात्र कळू देऊ नका.' हे मीच त्याला मोठ्याने वाचून दाखवलं! तो खोकला येईपर्यंत हसला. म्हणाला, बघतोच की रोज. खालच्या बंधाऱ्याची दारं गळतात, रात्रीत पाणी वीतभर उतरतं. आवळून बांधलेली बोट अशा वेळी दोरांना लटकते, कलते, प्रसंगी पाणी भरून बुडते. तुमची तशी लटकलेली बघितली, म्हणून पहाटे छतावरून जाऊन दोर सैल करतो. झोपलेल्या माणसाला कशाला उठवायचं?

दुसरं पत्र ऑफिसचं होतं. शेजारच्या बोटीच्या मालकाच्या तक्रारीवरून महिनाअखेर जागा खाली करावी. मी त्यात काहीही वाचू शकलो असतो, त्याला कधी कळलं नसतं. तो माझ्या तोंडाकडे बघत होता. मी जसं होतं तसं वाचलं. मग त्याने विचारलं, या धक्क्यावर बोटी किती? मी सांगितलं, दोन. त्याने कागदाची घडी घातली आणि मी दिलेला चहा तसाच ठेवून गेला. इतकी शरम मला उभ्या आयुष्यात वाटली नव्हती.

काल ऑफिसला जाऊन तक्रार मागे घेतली. तिथल्या बाई म्हणाल्या, कारण लेखी द्या. मी लिहिलं की तक्रार खोटी आहे, माझ्या वायरिंगला कुणी हात लावलेला नाही, मीच घराची वायर घातली आणि ती आपोआप तुटली. या खेपेला खाली सही केली. त्याची जागा वाचली. पण तोच कागद तपासनीसाच्या टेबलावर जाणार, हे मला ठाऊक होतं, आणि गेलाही. चोवीसची तपासणी रद्द. सगळं वायरिंग नवं होईपर्यंत या बोटीत झोपायला मनाई.

तेव्हा शनिवारी येतो. रंगाबद्दल जे लिहिलं ते मनात ठेवू नकोस.

तुझा बाबा


हॅझलहर्स्ट धक्का
१९ नोव्हेंबर १९९८

सौ. जिलियनबाई यांना एमॉस टकवेलचा नमस्कार.

अक्षर तुमच्या वडिलांचं आहे, बोलणं माझं. मी सांगेन तसंच लिहायचं, एक शब्द इकडचा तिकडे करायचा नाही, अशी अट घातली आहे. पहिलं हे लिहा म्हटलं की यांनी माझी खोटी तक्रार केली. पेन वर धरून बसले होते बराच वेळ. आता लिहिलं. सही करून ती मागे घेतली तेही लिहा म्हटलं, ते मला त्यांनीच येऊन सांगितलं.

दुसरं, ते शनिवारी येत नाहीत. बॅग भरून बसले होते, मीच ती उतरवून ठेवली. माझ्या बोटीत बायकोचा पलंग सहा वर्षं रिकामा आहे, तिथे झोपतील. दिवसा आम्ही त्यांची ती घराची वायर उपटून काढतो आहोत. नवी कशी ओढायची ते मला माहीत आहे, सामानाच्या डब्यांवरचं वाचायला ते आहेत. वसंतात पुन्हा तपासनीस बोलवू. चार महिन्यांत ते माझ्याशी भांडतील, पण उपाशी राहणार नाहीत. मी बीन्स खात नाही.

तिसरं एक मागणं आहे. तुमचं पत्र ऐकताना यांचा आवाज दोनदा अडकला होता. हे लिहायला ते तयार नव्हते, पण अट म्हणजे अट. तेव्हा यापुढे पत्र लिहाल ते माझ्या नावावर लिहीत जा. त्यांना सरळ सांगता येत नाही ते सगळं मला लिहा. वाचून दाखवायला तेच बसणार आहेत.

लोभ असू द्या.

एमॉस टकवेल
(ही फुली त्याने स्वतःच्या हाताने काढली आहे. ✗)